मापांची वही

दिवाळी संपली, फराळाचे डबे घासूनपुसून माळ्यावर गेले आणि सकाळी दूधवाल्याला दार उघडताना पायांना फरशी गार लागायला लागली, की माझी पावलं आपोआप लोकरीच्या दुकानाकडे वळतात. पुण्यात आता थंडी राहिलीये कुठे, असं दरवर्षी म्हणायचं आणि दरवर्षी पिशवी भरून गुंडे घेऊन यायचे, हे गेली पस्तीस वर्षं चाललंय. आमचे हे म्हणतात, "घरात लोकर वाढतेय आणि माणसं कमी होतायत." खोटं नाही ते.

तर परवा दुकानात माझ्या शेजारी एक मुलगी उभी होती. बावीस-तेवीसची असेल. पाठीला लॅपटॉपची सॅक, कानात ते बिनवायरचं काहीतरी. काउंटरवर गडद निळ्या लोकरीचे पन्नास-पन्नास ग्रॅमचे बारा गुंडे मांडून काका बिल करत होते. मला गप्प बसवेना. विणणाऱ्या बाईला दुसऱ्याच्या पिशवीत डोकावल्याशिवाय राहवत नाही, हा आमच्या जातीचा दोषच आहे.

"काय विणतेयस गं?"

"दादाला स्वेटर, काकू. पंचवीस डिसेंबरला तो बंगलोरहून येतोय."

"वा! आधी काय काय विणलंयस?"

"मफलर." मग जरा थांबून, "अर्धा."

"बरं. दादाचं माप घेतलंस?"

"सरप्राइज आहे ना काकू! माप कसं घेणार?"

मी म्हटलं, बाई, बारातले दोन गुंडे घे, दादाला कानटोपी विण, उरलेले काकांना परत दे. काका माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांच्या गल्ल्यातच हात घातलाय. मुलगी हसली, बाराही गुंडे घेतले आणि जाताना माझा फोन नंबर मात्र घेऊन गेली.

मैत्रिणींनो, २०२० सालच्या त्या टाळेबंदीत कितीतरी मुली यूट्यूबवर बघून विणायला शिकल्या. आम्हाला आनंदच आहे. आम्ही म्हाताऱ्या होता होता सुया बासनात जाणार, असं वाटत होतं, आता बसमध्येसुद्धा एखादी विणताना दिसते. पण दर नोव्हेंबरात मी बघते, पहिल्याच उत्साहात सगळ्यांना भेट म्हणून स्वेटरच विणायचा असतो. अख्खा, बाह्यांचा, गळ्याशी वेणीची वीण असलेला. आणि मग जानेवारीत पिशवीत पाठ आणि निम्मा पुढचा भाग.

एकदा कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करून बघा. आठ नंबरची सुई आणि तिला साजेशी जरा जाडसर लोकर घेतली, तर साधारण १० सेंटिमीटर रुंदीत २२ टाके आणि तेवढ्याच उंचीत ३० ओळी बसतात. ३८ छातीच्या माणसाची पाठ म्हणजे ११० टाके, आणि खालच्या बॉर्डरपासून खांद्यापर्यंत १९५ ओळी. झाले साडेएकवीस हजार टाके. पुढचा भाग तितकाच. दोन्ही बाह्यांचे मिळून वीसेक हजार. मुंढ्याला आणि गळ्याला कमी होणारे टाके वजा केले, तरी एका स्वेटरला साठ हजारांच्या आसपास टाके पडतात. हात बसलेली बाई मिनिटाला पंचवीस टाके घालते असं धरलं, तर चाळीस तास नुसते सुई चालवण्याचे. त्यात टाका सुटणं, चार ओळी उसवणं, भाग जोडणं, गळपट्टी हे काहीच धरलेलं नाही. नोकरी करून, डबे करून, रोज रात्री एक तास मिळाला तर सव्वा महिना झाला की हो! आणि पहिलाच स्वेटर असेल तर हा हिशेब दुपटीने धरा. म्हणजे डिसेंबरातला स्वेटर गणपतीतच सुईवर चढवायला हवा.

त्यात सुयांच्या नंबरांचा घोळ. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते. आपली आठ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, दहाची सव्वातीन. अमेरिकेत उलटं, तिथे नंबर वाढला की सुई जाड. त्यांची आठ नंबरची ५ मिलिमीटरची. यूट्यूबवरची अमेरिकन बाई ‘साइज एट’ म्हणते आणि आपली पोर दुकानात जाऊन आठ नंबर मागते. मग तिने सांगितल्याप्रमाणे टाके मोजून घातले तरी दादाचा स्वेटर पुतण्याला होतो. नंबर विचारूच नका, मिलिमीटर बघा. आणि आधी हातभर नव्हे, वीतभर चौकोन विणून पट्टी लावा. हा चौकोन विणायचा कंटाळा मी सुद्धा वीस वर्षं केला, म्हणून अधिकाराने सांगतेय.

माझे स्वतःचे गुन्हे काही कमी नाहीत. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी मी धाकट्या दिरांना मोहरीच्या रंगाचा जाडजूड स्वेटर विणला. ते राहायला दादरला. दादरला! तिथे जानेवारीतसुद्धा पंखा तीनवर असतो. पण मला हौस, शिवाय सासरी नाव कमवायचं होतं. आम्ही कधीही त्यांच्याकडे गेलो की भाऊजी पाच मिनिटांत आत जाऊन स्वेटर घालून यायचे. मी आपली खूश. सात-आठ वर्षांनी जाऊबाईंनी हसत हसत सांगितलं, "वहिनी, तुम्ही येताना दिसलात की हे कपाट उघडतात. तुम्ही गेलात की आंघोळ करतात." इतका चांगला माणूस, पण मी त्याला सात वर्षं उकडत ठेवला.

हा गुन्हा हसण्यावारी गेला. दुसरा गेला नाही.

मुलगा-सून कॅनडात. नातू तीन वर्षांचा असताना मी त्याच्यासाठी मेरीनो लोकर मागवली. आपली नेहमीची नाही, खास, अस्सल, मऊसूत. पांढऱ्यावर निळे हत्ती. हत्तींच्या सोंडा जुळवताना डोळ्यांतून पाणी आलं माझ्या. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवला. पुढे दर रविवारी फोनवर माझा एकच प्रश्न, "घालतो ना गं स्वेटर?" सून म्हणायची, "हो आई, मस्त बसतो." फोटो पाठव म्हटलं की आज धुवायला टाकलाय, आज फोन चार्ज नाही. असं जवळजवळ दोन वर्षं.

मग आम्ही गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी नातवाच्या खोलीत गेले तर पलंगावर त्याचं अस्वल बसलेलं, अंगात माझा स्वेटर. अगदी मापात. चार बोटं रुंदीच्या बाह्या, हत्तींचे उंदीर झालेले, आणि कापड असं घट्ट की कात्रीने कापलं तरी धागा सुटायचा नाही.

सून दारात उभी होती. तिचा चेहरा बघवेना. झालं होतं ते अगदी साधं. स्वेटर बाकी कपड्यांबरोबर मशीनमध्ये गेला, तिथून ड्रायरमध्ये. खऱ्या लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, डोळ्यांना न दिसणारे. गरम पाणी, साबण आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि लोकर आळत जाते, ती पुन्हा मोकळी होत नाही. काश्मिरातले नमदे याच गुणावर बनतात. आपली ॲक्रिलिकची लोकर मशीनमध्ये टाकली तरी अशी आळत नाही, त्यामुळे तिला कधी हा प्रश्न पडलाच नव्हता. आणि मी? मी स्वेटरबरोबर दोन ओळींची चिठ्ठी लिहिली होती, त्यात आशीर्वाद होते, हत्तींची हकिगत होती. ‘गार पाण्यात हाताने धू, पिळू नकोस, टॉवेलवर आडवा वाळव’, हे लिहिलं नव्हतं.

"आई, मी किती शोधलं तसलाच विकत मिळतो का ते," ती म्हणाली आणि रडायला लागली. दोन वर्षं ती माझ्या रविवारच्या फोनला घाबरत होती, हे मला तिथे त्या खोलीत कळलं. स्वेटरबरोबर मी एक परीक्षाही पाठवली होती आणि दर आठवड्याला तिचा निकाल मागत होते. माझ्या सासूबाईंनी मला दिलेल्या चांदीच्या वाटीबद्दल त्या असंच विचारायच्या, तेव्हा मला कोण राग यायचा!

त्या दिवशी आम्ही दोघी स्वयंपाकघरात बराच वेळ बसलो. तिने सांगितलं ते ऐकून मी थक्क झाले. घरात हीटर असतो, लेकरं आत टी-शर्टवर हुंदडतात. बाहेर पडताना फुगीर जाकीट असतं, त्याच्या आत जाड स्वेटर कोंबला तर मुलाचे हात वाकत नाहीत. मुलांना लागते ती कानांवरून घट्ट बसणारी टोपी, गळ्याभोवतीची पट्टी आणि हातमोजे, आणि हातमोजे तर दर महिन्याला एक हरवतो. "म्हणजे मी विणायचे ते मोजे?" "दोनाऐवजी तीन विणा आई, एकाच रंगाचे." त्यानंतर मी दरवर्षी तीन-तीन विणते. आधी विचारलं असतं तर हत्ती वाचले असते.

ही विचारायची रीत मला खरं तर घरातूनच मिळाली होती, पण घेतली नाही.

माझ्या आईकडे एक वही आहे. शंभर पानी, वर ‘श्री’, कडा तेलकट झालेल्या. तिच्यात सगळ्या गोतावळ्याची मापं. नाव, छाती, उंची, बाही, पुढे टाके किती घालायचे ते, आणि साल. माझ्या भावाचं १९७३चं माप आहे, छाती २२, बाही ९. त्याच्याखाली ७४, ७५, असं वाढत वाढत ८६पर्यंत. वाचताना तो डोळ्यांदेखत मोठा होतो. आणि मापापुढे बारीक अक्षरात शेरे. ‘अप्पांना लोकर टोचते, गळ्याला आतून मलमल.’ ‘माईंना पिवळा नको.’ ‘मान जाड, गळा सैल ठेवणे.’ एकापुढे नुसतंच ‘बटणं मोठी, बोटं वळत नाहीत.’ आत्याबाईंच्या संधिवाताची आमच्या घरातली एवढीच नोंद असेल.

एका वर्षी काकांचं पान कोरं आहे. ते वाटणीचं वर्ष. बाबा आणि काका बोलत नव्हते, आमचं जाणंयेणं बंद. पुढच्या वर्षीच्या थंडीत आईने माझ्या हातात टेप दिली आणि म्हणाली, "जा, काकांचं माप घेऊन ये. माणूस एका वर्षात जाड होतो नाहीतर बारीक होतो, जुन्या मापावर विणता येत नाही." मी तेरा वर्षांची. लाजत लाजत गेले. काका काही न बोलता हात वर करून उभे राहिले, मी छातीभोवती टेप गुंडाळली आणि आकडा मोठ्याने वाचला. काकूने मला लाडू दिला, येताना आईसाठी चार बांधून दिले. वहीत त्या वर्षी नोंद आहे, ‘३६, दोनाने कमी.’ वाटणी काही बदलली नाही, पण त्या दिवाळीनंतर पुन्हा पत्रिका यायला लागल्या.

वहीच्या पहिल्या पानावर नावच नाही. ‘छाती ३८, उंची २५, बाही १९’ आणि पुढे ‘जवान’. ते १९६२ सालचं पान. त्या वर्षी २० ऑक्टोबरला चीनचं आक्रमण सुरू झालं आणि हिमालयातल्या थंडीत आपल्या जवानांच्या अंगावर पुरेसे गरम कपडेसुद्धा नाहीत, हे घरोघर कळलं. देशभर बायका स्वेटर, मोजे, मफलर विणायला बसल्या. आई तेव्हा अठरा वर्षांची, नागपुरात कॉलेजला. वर्गातल्या मुली तासाला बाकाखाली सुया चालवायच्या आणि मास्तर बघून न बघितल्यासारखं करायचे, असं ती सांगते. सरसकट एकच माप दिलेलं. आईने दोन स्वेटर विणले. एका महिन्यात, २१ नोव्हेंबरला लढाई थांबली. ते स्वेटर कुणाच्या अंगात गेले, त्याला ते झाले का, तो परत आला का, यातलं काही तिला कधीच कळलं नाही. टीव्हीवर बर्फातले जवान दिसले की अजून ती विचारते, "त्या बाह्या पुरल्या असतील का गं?" मला वाटतं, पुढे जन्मभर ती प्रत्येकाचं माप घेत राहिली, त्याचं मूळ या पानात असावं.

बरं, आता एक कडू विषय. विणणाऱ्या प्रत्येकीला एक वाक्य ऐकावं लागतं, "तुम्हाला बाई वेळ असतो!" वेळ कुणाला नसतो? चोवीस तासच सगळ्यांना. पण बाईने टीव्हीसमोर बसून हात चालवले की ते काम नाही, विरंगुळा, हे आपणच मान्य करून टाकलंय. मागे एका बाईंनी मला दुकानात ठेवायला स्वेटर मागितले. एका स्वेटरचे साडेसातशे रुपये, लोकर माझी! वरून म्हणाल्या, "घरबसल्या पैसे मिळतील, काय वाईट आहे?" मी तो चाळीस तासांचा हिशेब सांगितला. त्या म्हणाल्या, "पण तिबेटी बाजारात पाचशेला मिळतो." मिळतो ना! दर हिवाळ्यात गावोगावी मांडव टाकून ती मंडळी स्वेटर विकतात, तो बहुतेक माल लुधियानाच्या मशीनवरचा असतो. स्वस्त, सुबक, टिकाऊ. मी सुद्धा घेते. पण मशीनच्या भावाने माझे हात मोजू नका. मी बाईंना म्हटलं, विकणार नाही, तुमच्या नातीला फुकट विणून देईन, तिला माप द्यायला पाठवा. नात काही आली नाही.

याच कारणासाठी, तरुण मुलींनो, हाताने विणलेलं सगळ्यांना वाटत सुटू नका. ज्याला कौतुक आहे त्यालाच द्या. ऑफिसमधल्या अकरा जणींना अकरा मफलर, हे मफलर नव्हेत, शिक्षा आहे. आणि दिल्यावर विसरा. ‘घालतेस का’ विचारायचं नाही. हे मला जमायला तीस वर्षं लागली, हे वर लिहिलंच आहे.

काय विणावं म्हणाल, तर छोटं विणा. कानटोपी शंभर ग्रॅममध्ये होते, चार संध्याकाळी पुरतात, आणि डोक्याची मापं छातीसारखी दरवर्षी बदलत नाहीत. एक सुलट एक उलट अशी बॉर्डर चांगली चार बोटं घातली की ती ताणून कुणालाही बसते. मफलर तर बिनमापाचाच. नाशिककडच्या कुणासाठी विणत असाल तर हात सैल सोडू नका. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, पहाटे द्राक्षबागेत पाणी धरायला जाणाऱ्या माणसाला दाट विणीचा गळपट्टा लागतो, जाळीचा नाही. वयस्कर माणसांना पायमोजे द्यायचे असतील तर तळवे गुळगुळीत होणार नाहीत हे बघा. फरशीवर लोकर सरकते, आणि प्रेमाने दिलेल्या मोज्यांनी खुबा मोडायला नको.

बाळंतविड्याचं जरा जपून. टोपडी, मोजे, झबली हौसेने विणली जातात, पण जाळीच्या विणीत इवली बोटं अडकतात, रिबिनी आणि लोकरीचे गोंडे तोंडात जातात, केसाळ लोकर नाकात जाते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे धुरी-शेगडी. ॲक्रिलिक पेट घेतं तेव्हा वितळतं आणि कातडीला चिकटतं. खरी लोकर सहजी पेटत नाही. ज्या घरात बाळाला शेक-धुरी देतात तिथे ॲक्रिलिकचं काही देऊ नका, त्यापेक्षा सुती दुपटं बरं. शेकोटीभोवती बसणाऱ्या आजोबांनाही हेच लागू. कमी वजनाच्या बाळांना आईच्या छातीशी बांधून ठेवतात, तेव्हा डोक्याला टोपी लागतेच. ती विणून द्यायची इच्छा असेल तर आधी त्या वॉर्डातल्या सिस्टरना विचारा, किती हव्यात, कोणती लोकर चालेल, केवढ्या हव्यात. तिथल्या टोप्या लिंबाएवढ्या वाटतात इतक्या लहान असतात.

जाता जाता, आपल्या महाराष्ट्राची खरी जुनी लोकर म्हणजे घोंगडी. दख्खनी मेंढीची लोकर भरड, सुईवर विणायला नको वाटणारी, पण खड्ड्यातल्या मागावर विणून चिंचोक्याची खळ दिली की पावसाचं पाणीसुद्धा झटकन आत शिरत नाही. धनगराच्या पोराच्या खांद्यावर ती असायची तेव्हा आमच्या त्या सुया आल्यासुद्धा नव्हत्या. त्या इंग्रजी अमदानीत मिशनच्या शाळांतून पसरल्या. ज्यांना विणता येत नाही त्यांनी थंडीची भेट म्हणून एक चांगली घोंगडी द्यावी. टोचते, पण नातवंडांपर्यंत टिकते.

आता जे लिहायला बसले होते ते लिहिते.

बाबा २०११च्या दिवाळीनंतर गेले. त्या वर्षी आईच्या सुईवर त्यांचाच स्वेटर होता. राखी रंगाचा, पाठ झालेली, पुढचा भाग मुंढ्यापर्यंत आलेला. तो तसाच सुईसकट पिशवीत गेला, पिशवी ट्रंकेत. भावाने एकदा म्हटलं, मला पुरा करून दे, मी घालेन. आई म्हणाली, "तुझे एकशे अठरा टाके. हा एकशे दहाचा आहे." विषय संपला. कुणी पुन्हा बोललं नाही.

आई आता एक्याऐंशीची आहे. बोटांचे सांधे सुजलेले, सुई धरवत नाही. गेल्या फेब्रुवारीत मी तिच्याकडे होते, तर दुपारी तिने स्वतः ट्रंक उघडायला सांगितली. पिशवी काढली, मांडीवर घेतली, जरा वेळ हात फिरवला आणि म्हणाली, "उसव."

"आई, राहू दे ना."

"लोकर चांगली आहे. कसर लागली म्हणजे कुणाच्या कामाची?"

तिला सुया काढता येत नव्हत्या, मी काढल्या. टोक तिच्या हातात दिलं. ती ओढत होती आणि मी दोन खुर्च्यांच्या पाठींना गुंडाळत होते. लहानपणी ती माझे दोन्ही हात पुढे धरायला लावून लडी घालायची आणि गुंडा करायची, तसंच, फक्त उलटं. ओळीमागून ओळ टर्र टर्र सुटत होती. चौदा वर्षं होत आली विणून, धागा सगळा मॅगीसारखा कुरळा. तो कोमट पाण्यात भिजवला, लडी दांडीवर टांगली आणि खाली खलबत्त्यातला बत्ता बांधला. दोन दिवसांत सरळ झाला. तशी सरळ होतेच लोकर.

माप लिहायला वही काढली. कुणासाठी विणायचं ते ठरवावं म्हणून मी पानं चाळत होते. पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली, मग पुन्हा चाळली. बावन्न माणसांची मापं आहेत. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या मुलाचंसुद्धा आहे. आईचं नाही. कुठेच नाही. आठवायला लागले तर थंडीत ती काय घालायची? बाबांचा कोपरात झिजलेला जुना स्वेटर, बाह्या दुमडून.

मी टेप आणली. "हात वर कर." ती म्हणाली, "काय चाललंय तुझं?" पण हात वर केले, जितके होतात तितके. छाती ३२. मला वाटलं टेप चुकली, पुन्हा घेतली. ३२च. बाही १६. वहीतलं शेवटचं पान उघडून लिहिलं, आणि खाली शेरा मारला, ‘बटणं मोठी, बोटं वळत नाहीत.’ तो वाचून ती जरा हसली.

त्या लोकरीचं बिनबाह्यांचं जाकीट झालं, पुढून उघडं, मोठ्या लाकडी बटणांचं. त्यावर उरलेल्या लोकरीत बोटं उघडी असलेले हातमोजे. आई ते जाकीट रोज घालते, एप्रिलमध्येसुद्धा घालत होती. आणि रोज सांगते, गळा सैल झालाय. खरंच झालाय. मी तिथे तो वीतभर चौकोन विणला नव्हता.

हे लिहीत होते आणि फोन वाजला. निळ्या लोकरीवाली मुलगी. दादाचा एक टी-शर्ट तो घरी विसरून गेला होता, तो तिने कपाटातून काढून मोजला म्हणे. छाती ४२! "मी अंदाजाने ३८ धरलं होतं काकू." मग सगळं उसवलं आणि पुन्हा टाके घातले, नाही, टोपी नाही, स्वेटरच. हट्टी आहे. आता सतराव्या ओळीवर एक टाका सुटून थेट बॉर्डरपर्यंत खाली गेलाय, शिडीसारखं दिसतंय, काय करू? त्याला क्रोशाची सुई घालून एकेक पायरी वर उचलत आणायचं असतं, दोन मिनिटांचं काम. पण फोनवर सांगून ते कुणाला जमलंय? म्हटलं, आहे तसंच पिशवीत घाल, सुईच्या टोकांना रबर लाव आणि ये. चहा टाकते.